गेम अडखळतो, लोडिंग संपत नाही: वेगवान एसएसडी घेण्याआधी काय तपासावं

आधी लक्षणं नीट ओळखा. "पीसी स्लो झालाय" या एका तक्रारीमागे वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

- लोडिंगची पट्टी मिनिट-दोन मिनिटं हलत नाही. एकदा आत शिरलं की गेम सुरळीत चालतो.
- मोठ्या मोकळ्या नकाशाच्या गेममध्ये गाडी पळवताना समोरच्या इमारती आधी धूसर दिसतात आणि तपशील मागाहून भरतो. कधी रस्ताच उशिरा उगवतो.
- खेळता खेळता चित्र सेकंदभर गोठतं, आवाज चालू राहतो, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते.
- पहिला अर्धा तास सगळं ठीक, नंतर झटके सुरू.
- नवीन स्फोट, नवीन शत्रू, नवीन जागा दिसली की झटका. तेच दुसऱ्यांदा दिसलं की झटका नाही.

असेंबल केलेले गेमिंग पीसी माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा मालकाने उपाय बहुधा आधीच ठरवलेला असतो. "दादा, जेन फोरवाली टाकून द्या, सात हजार स्पीडची." म्हणजे चौथ्या पिढीची, सेकंदाला सात हजार एमबी वाचणारी एसएसडी. पैसे घेऊन टाकून देणं सोपं आहे, पण वरच्या पाचांपैकी शेवटच्या लक्षणाला कोणतीही एसएसडी (चिपवर डेटा साठवणारा वेगवान ड्राइव्ह) उपयोगाची नाही, तिसऱ्याला बऱ्याचदा नाही, आणि चौथ्याला तर नवी एसएसडी घातली तरी ती जुनीसारखीच तापणार.

माझं मत आधीच सांगतो. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर जाणं, मग ती साध्या साटा (जुन्या, संथ जोडणीच्या) केबलची का असेना, हा गेमिंग पीसीतला सर्वांत पैसे वसूल करणारा बदल आहे. एसएसडीवरून आणखी वेगवान एसएसडीवर जाण्याने मात्र बहुतेक गेमचं लोडिंग सेकंद-दोन सेकंदांनी कमी होतं, आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढत नाही. खालच्या तपासण्या त्यामुळे फुकटातल्या आधी, खर्चाच्या शेवटी अशा क्रमाने लावल्या आहेत.

१. ड्राइव्ह आजारी तर नाही ना

क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर उघडा. वर 'गुड' आहे, 'कॉशन' आहे की 'बॅड', ते बघा. एसएसडी असेल तर शिल्लक आयुष्याची टक्केवारीही दिसते. हार्ड डिस्कमध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयात ठेवलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. हे आकडे शून्यापेक्षा जास्त असतील आणि आठवड्याभरात वाढत असतील, तर डिस्क जाण्याच्या मार्गावर आहे.

हे सगळ्यात आधी सांगण्याचं कारण असं, की पुढच्या तपासण्यांमध्ये आपण गेम इकडून तिकडे हलवणार आहोत. मरणाऱ्या डिस्कवर शंभर जीबीची कॉपी लावली तर ती त्या कॉपीतच जाऊ शकते. 'कॉशन' दिसलं की गेमचा विचार बाजूला ठेवा आणि फोटो, कागदपत्रं, प्रोजेक्ट दुसरीकडे उतरवून घ्या. गेम पुन्हा डाउनलोड होतात.

याच सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रान्सफर मोड' नावाची ओळ आहे. तिच्यात सध्याचा वेग आणि ड्राइव्हला झेपणारा कमाल वेग असे दोन आकडे असतात. ते लिहून ठेवा, पुढे लागतील.

२. गेम नक्की कुठे बसलाय, आणि मागे काय चाललंय

आपल्याकडच्या असंख्य पीसींत २५६ जीबीची एसएसडी आणि एक टीबीची हार्ड डिस्क अशी जोडी असते. विंडोज एसएसडीवर असतं, म्हणून पीसी झटकन सुरू होतो आणि मालकाला वाटतं, "माझ्याकडे एसएसडी आहे." गेम मात्र जागेअभावी डी ड्राइव्हवर, म्हणजे हार्ड डिस्कवर गेलेला असतो. स्टीममध्ये सेटिंग्जमधल्या स्टोरेज विभागात कोणता गेम कुठे आहे ते दिसतं, आणि तिथूनच तो हलवताही येतो. रोज खेळायचा एकच गेम एसएसडीवर आणला तरी तक्रार मिटल्याची उदाहरणं भरपूर आहेत, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

हार्ड डिस्क इतकी मागे का पडते, तर तिच्यात तबकडी फिरते. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि डोकं त्या जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला जेमतेम ऐंशीच्या आसपास जमतात. लॅपटॉपमधल्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला तेवढेही नाही. एसएसडीत हलणारं काहीच नसतं, एका तुकड्याला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो. म्हणून २०२० मध्ये आलेल्या सायबरपंक २०७७ मध्ये संथ हार्ड डिस्कसाठी वेगळं सेटिंग द्यावं लागलं होतं, आणि २०२३ मध्ये त्याच गेमच्या किमान गरजांमध्ये एसएसडी आली. त्याच वर्षीच्या स्टारफिल्डने तर पहिल्या दिवसापासून एसएसडी मागितली.

एसएसडीत किती जागा मोकळी आहे तेही इथेच बघा. स्वस्त एसएसडी मोकळ्या जागेचा एक भाग वेगवान कॅशे म्हणून वापरतात. ड्राइव्ह काठोकाठ भरला की ही कॅशे आक्रसते आणि लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर येऊ शकतो. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'डिस्क' या रकान्यावर क्लिक करा आणि सगळ्यात वर कोण आहे ते पाहा. स्टीम मागच्या मागे दुसऱ्या गेमचं अपडेट उलगडत असतं, अँटिव्हायरस संपूर्ण स्कॅन करत असतो, किंवा खेळाचं रेकॉर्डिंग त्याच डिस्कवर लिहिलं जात असतं. ते थांबवून पुन्हा खेळून बघा.

३. एकच लेव्हल दोनदा लोड करा

माझ्या दृष्टीने या लेखातली सर्वांत मोलाची तपासणी हीच आहे. पीसी रीस्टार्ट करा. शटडाउन नको, रीस्टार्टच. गेम उघडून एक सेव्ह लोड करा आणि मोबाइलवर वेळ मोजा. आता गेम पूर्ण बंद करा, पीसी चालूच ठेवा, गेम पुन्हा उघडा आणि तोच सेव्ह लोड करून वेळ मोजा.

पहिल्यांदा वाचलेल्या फाइल विंडोज रिकाम्या रॅममध्ये धरून ठेवतं. दुसऱ्या वेळी त्या रॅममधून येतात, आणि रॅम जगातल्या कोणत्याही एसएसडीपेक्षा वेगवान आहे. तेव्हा दुसरी वेळ पहिलीपेक्षा खूपच कमी भरली, तर अडथळा स्टोरेजचा होता आणि वेगवान ड्राइव्हने फरक पडेल. दोन्ही वेळा जवळजवळ सारख्याच निघाल्या तर अडथळा प्रोसेसरचा किंवा गेमचा आहे. १४ हजार एमबीची एसएसडी लावूनही लोडिंग तेवढंच राहणार.

मर्यादा दोन. रॅम आठ जीबीच असेल तर फाइल धरून ठेवायला जागाच उरत नाही, त्यामुळे निकालावर विश्वास ठेवू नका. आणि डायरेक्टस्टोरेज (गेमच्या फाइल वेगाने वाचण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरणारे मोजके गेम विंडोजची ही सोय वापरत नाहीत.

लोडिंगच्या वेळेत डिस्कचा वाटा किती थोडा असू शकतो याचा २०२१ मधला दाखला अभ्यासण्यासारखा आहे. जीटीए ऑनलाइन सुरू व्हायला अनेकांना पाच-सहा मिनिटं लागत, एसएसडी असूनही. एका प्रोग्रामरने शोधून काढलं, की गेम दुकानातल्या वस्तूंची साधारण ६३ हजार नोंदींची, १० एमबीची यादी अतिशय वेडगळ पद्धतीने वाचतो आणि प्रोसेसरचा एकच कोअर त्यात अडकून बसतो. त्याने दुरुस्ती करून स्वतःचं लोडिंग सहा मिनिटांवरून १ मिनिट ५० सेकंदांवर आणलं. कंपनीनेही त्याच वर्षी मार्चमध्ये ती दुरुस्ती स्वीकारली. तोवर त्या लोडिंगपायी नवीन ड्राइव्ह विकत घेतलेल्यांचे पैसे वाया गेले होते.

४. डिस्क १०० टक्के, पण गुन्हेगार रॅम

गेम चालू असताना टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरी बघा. ९० टक्क्यांच्या वर गेली असेल तर विंडोज रॅममधला माल डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये हलवायला लागतं. डिस्कचा आकडा १०० वर जातो, चित्र गोठतं, आणि दोष डिस्कच्या माथी येतो. आठ जीबी रॅम, मागे ब्राउझरच्या वीस टॅब आणि डिस्कॉर्ड, ही नेहमीची जोडणी. ब्राउझर बंद करून खेळा. झटके थांबले तर एसएसडीचे पैसे रॅमवर घाला. आठची एकच कांडी असेल तर तशीच दुसरी लावा. दोन कांड्या एकत्र चालल्या (ड्युअल चॅनल) की एफपीएसलाही हातभार लागतो, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत.

ग्राफिक्स कार्डाची मेमरीही तिथेच 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' म्हणून दिसते. चार किंवा सहा जीबीचं कार्ड आणि टेक्श्चर अल्ट्रावर ठेवलं, तर जास्तीचा माल साध्या रॅममध्ये सांडतो आणि झटके येतात. टेक्श्चर एक पायरी खाली आणा. हे दोन क्लिकचं काम आहे आणि मध्यम पडद्यावर फरक फारसा दिसतही नाही.

शेडरचे (चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे) झटके मात्र वेगळेच. नवी गोष्ट पहिल्यांदा दिसल्यावर अडखळणं, दुसऱ्यांदा नाही, असं असेल तर गेम त्या क्षणी शेडर कंपाइल करतोय. अनरियल इंजिनवरच्या गेममध्ये हे फार दिसतं, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केल्यावर पुन्हा सुरू होतं. त्या वेळी डिस्क जवळपास रिकामी बसलेली असते, भार प्रोसेसरवर असतो. सुरुवातीला गेम 'शेडर तयार होत आहेत' असं म्हणत असेल तर ते पूर्ण होऊ द्या, मधेच पुढे जाऊ नका.

५. उष्णता

पहिला अर्धा तास ठीक आणि नंतर झटके, हे उष्णतेचं लक्षण. आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान बघा, कारण बहुतेक वेळा तेच तापलेले असतात. एनव्हीएमई ड्राइव्हचं (साटापेक्षा वेगवान, थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या एसएसडीचं) तापमान क्रिस्टलडिस्कइन्फोत दिसतं. सत्तर-ऐंशी अंशांच्या पट्ट्यात गेलं की बरेच ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतात. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकते, आणि मदरबोर्डवरचा पहिला एम डॉट टू स्लॉट (अशी एसएसडी बसवायची खाच) नेमका ग्राफिक्स कार्डाखाली किंवा शेजारी असतो. कॅबिनेटची बाजूची काच काढून, समोर टेबल फॅन लावून एक तास खेळा. फरक पडला तर खर्च कॅबिनेटच्या पंख्यावर करायचा.

हीटसिंक (उष्णता खेचणारी धातूची पट्टी) लावलेलं असेल तर त्याच्या थर्मल पॅडवरचं पारदर्शक प्लास्टिक काढलंय का, ते उघडून बघा. ते तसंच राहिलेले पीसी मला अजूनही सापडतात, दुकानातून तयार होऊन आलेलेही.

जेन फाइव्ह ड्राइव्हबद्दल माझी नाराजी इथूनच सुरू होते. ते महाग असतात, जास्त तापतात, मोठं हीटसिंक मागतात, आणि त्या बदल्यात गेममध्ये जे मिळतं ते घड्याळ लावूनच कळतं.

६. केबल, पोर्ट, स्लॉट

इथून पुढे कॅबिनेट उघडायचं आहे. स्विच बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घाला.

साटा ड्राइव्ह असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमधली सी७ ही ओळ बघा. तो आकडा वाढत असेल तर डेटा वाटेत बिघडतोय, म्हणजे बहुधा केबल सैल किंवा खराब आहे. 'ट्रान्सफर मोड'मध्ये ६०० ऐवजी ३०० दिसत असेल तरी केबल आणि पोर्ट बदलून बघा. साटा केबल फार किरकोळ किमतीत मिळते. तिच्या दोषापायी चांगली एसएसडी 'खराब' ठरवून बदलल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

एनव्हीएमईसाठी त्याच ओळीत 'पीसीआयई ३.० एक्स ४' (म्हणजे जेन थ्री, चार लेनची वाट) असं काही दिसेल. दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नसतील तर ड्राइव्हला पूर्ण वाट मिळत नाही, आणि कारण बहुतेकदा मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच असतो. एच३१० या जुन्या इंटेल चिपसेटच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, पीसीआय एक्सप्रेस २.० च्या (जेन टू) आहेत. बी४५० बोर्डावर जेन फोर ड्राइव्ह जेन थ्रीनेच चालतो. रायझन ५ ५६००जी हा आपल्याकडे भरपूर विकला गेलेला प्रोसेसर बी५५० बोर्डावर बसवला तरी जेन थ्रीच देतो. बी५६० बोर्डावर दहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असेल तर प्रोसेसरला जोडलेला एम डॉट टू स्लॉट चालतच नाही. ड्राइव्ह दिसेनासा झाला म्हणून लोक घाबरतात, तो दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकला की दिसतो. काही बोर्डांवर एम डॉट टू स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये हे सगळं कोष्टकात लिहिलेलं असतं. ड्राइव्ह घेण्याआधी ते पान वाचा.

७. आता विकत घेण्याचा प्रश्न

वरचं सगळं करून दोनदा लोड करण्याच्या तपासणीने स्टोरेजकडेच बोट दाखवलं, तर खर्च करा.

गेम हार्ड डिस्कवर असेल तर कोणतीही भरवशाच्या कंपनीची एसएसडी घ्या. एम डॉट टू स्लॉट असेल तर जेन थ्री किंवा जेन फोर एनव्हीएमई, नसेल तर साटा. लॅपटॉप किंवा जुन्या बोर्डाचा स्लॉट कधी फक्त साटाचा असतो, तर कधी फक्त एनव्हीएमईचा. लांबीही २२८० (८० मिलिमीटर) की २२४२ (४२ मिलिमीटर) ते बघून घ्या.

आधीच साटा एसएसडी असेल तर थांबा. खोक्यावरचे आकडे, साटाचे ५५०, जेन थ्रीचे ३५००, जेन फोरचे ७००० एमबी, हे एक मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत. गेम हजारो छोटे तुकडे वाचतो, मग प्रोसेसर ते उलगडतो, मग ते ग्राफिक्स कार्डाकडे जातात. चार केबीचे तुकडे एकामागून एक वाचायला सांगितले तर साटा एसएसडी सेकंदाला साधारण तीस-चाळीस एमबी देते आणि चांगली एनव्हीएमई पन्नास ते नव्वद. तेरापट वेगाची जाहिरात इथे दुप्पट-अडीचपटीवर येते, आणि पुढे प्रोसेसरच्या कामात तीही विरघळते.

हे बदलण्यासाठीच मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज आहे. २०२२ च्या शेवटी आलेल्या त्याच्या १.१ आवृत्तीपासून उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्डाला देता येतं. जानेवारी २०२३ मधला फोरस्पोकन हा ते वापरणारा पीसीवरचा पहिला गेम, आणि जुलैमध्ये रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट आला. त्यानंतर अशा गेमची यादी फार हळू वाढली आहे. तुम्ही खेळता तो गेम त्या यादीत असेल तर एनव्हीएमईला अर्थ आहे. फक्त व्हॅलोरंट आणि सीएस२ खेळत असाल तर नाही.

माझा सल्ला: वेग नको, जागा घ्या. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी लागतात, स्टारफिल्डला १२५. ५०० जीबीच्या जेन फोरपेक्षा एक टीबीची साधी जेन थ्री गेमरला जास्त उपयोगी, कारण मग गेम हार्ड डिस्कवर ढकलावा लागत नाही. डीरॅम (स्वतःची छोटी रॅम) नसलेली एसएसडी गेमला चालते. क्यूएलसीचीही (एका पेशीत चार बिट साठवणारी) चालते, फक्त मोठ्या कॉप्यांना मंद पडते. रेकॉर्डिंग किंवा एडिटिंग करत असाल तर टीएलसी (तीन बिटवाली) घ्या. लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, पक्कं बिल घ्या आणि सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी दिसते का ते बघा. नवीन म्हणून आलेला ड्राइव्ह लावताच क्रिस्टलडिस्कइन्फोत चालू तासांचा आकडा तपासा. तो शेकड्यात असेल तर ड्राइव्ह वापरलेला आहे, लगेच परत करा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

हार्ड डिस्कमधून टकटक किंवा घासल्याचा आवाज येतोय आणि आतल्या फायलींची दुसरी प्रत नाही: पीसी ताबडतोब बंद करा. "पुन्हा एकदा चालू करून बघू" यातच उरलेला डेटा जातो. अशी डिस्क उघडण्याचं काम धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याचं आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात देऊ नका आणि कोणालाही फॉरमॅट करू देऊ नका.

एसएसडी बायोसमध्येच (विंडोजआधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममध्येच) दिसत नाही, दुसऱ्या स्लॉटमध्ये आणि दुसऱ्या पीसीतही नाही: घरी करण्यासारखं काही उरलेलं नाही. डेटा हवा असेल तर रिकव्हरीवाला, नको असेल तर वॉरंटी. वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळतो, आतला डेटा मिळत नाही.

विंडोज नव्या ड्राइव्हवर क्लोन (जसंच्या तसं कॉपी) करायचं आहे आणि बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू आहे: आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात रिकव्हरी की दिसते का ते बघा. विंडोज ११ मध्ये एन्क्रिप्शन न सांगता चालू झालेलं असू शकतं. की सापडली नाही तर क्लोनिंग आणि बायोस, दोन्हींना हात लावू नका.

बायोस अपडेट करायचं आहे आणि घरी यूपीएस नाही: जिथे यूपीएस आहे तिथे पीसी नेऊन करून घ्या. मधेच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

लॅपटॉप उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली: झाकण दाबून बंद करू नका, चार्जर काढा आणि तसाच सर्व्हिस सेंटरला न्या.

झटक्यांसोबत पीसी आपोआप रीस्टार्ट होतो, जळका वास येतो किंवा निळी स्क्रीन रोज येते: इथे स्टोरेजचा संबंध कमी, पॉवर सप्लायचा किंवा बोर्डाचा जास्त. पॉवर सप्लाय स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज असते. तंत्रज्ञाला दाखवताना तापमानाचे, क्रिस्टलडिस्कइन्फोचे आणि टास्क मॅनेजरचे स्क्रीनशॉट सोबत न्या. त्याचा तपासण्याचा वेळ आणि तुमचं बिल दोन्ही कमी होतात.